'आर्काइव्ह' बटणावर काय लिहायचं?

अर्धविराम
एका ईमेल प्रोग्रामचं मराठीकरण चाललंय. इनबॉक्स, मसुदे, संपर्क, कॅलेंडर इथपर्यंत गाडी सुरळीत आली, अडली ती 'आर्काइव्ह'वर. आधीच्या कुणी 'संग्रहित करा' लिहून ठेवलंय. चाचणीला बसलेल्या एका ताईंनी ते दाबलं आणि लगेच फोन : "अहो, जपून ठेव म्हटलं तर मेल गेलाच की!" त्यांच्या लेखी संग्रह म्हणजे समोर मांडलेली वस्तू. 'अभिलेख' सुचवू नका, तो शब्द बटणावर कुणी वाचणार नाही. दुसरं काही?

मोडीवाला
'दप्तरी दाखल करा'. शब्द घडवायची गरजच नाही. कागदावरचं काम संपलंय, टेबलावर नकोय, पण फाडायचाही नाही, अशा कागदाचं आपण दुसरं काय करतो?

शुद्धमती
दप्तर फारसी. म्हणजे एक परका काढून दुसरा बसवायचा? शिवरायांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'अभिलेखित' लोकांना आज जड वाटेल, उद्या रुळेल. 'दिनांक'ही असाच रुळला.

मोडीवाला
आणि त्या कोशानंतरच्या पेशव्यांच्या कागदांना आपण काय म्हणतो? पेशवे दप्तर! शिवाय फारसीशीच का थांबता, आणखी मागे जा. मूळ ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे कातडं. डिप्थेरिया रोगाचं नावही त्यातलंच. 'आर्काइव्ह'चं मूळसुद्धा ग्रीक, अधिकाऱ्याच्या कचेरीचं नाव. दोन्ही एकाच गावचे पाहुणे, एकालाच का हाकलता?

बारनिशी_निवृत्त
हयात आवक-जावक नोंदवण्यात गेली म्हणून सांगतो. 'आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे' हे वाक्य वाचून खूश झालेला अर्जदार मी पाहिलेला नाही. त्याचा अर्थ एवढाच, की आता इथे काही होणार नाही. हे बटणावर लिहाल तर शहाणा माणूस त्याला हात लावणार नाही.
त्यापेक्षा 'पाठवलेले'कडे बघा. पत्र गेल्यावर आपल्याजवळ उरते ती स्थळप्रत. सेंट फोल्डर म्हणजे नेमकं तेच, आणि हा शब्द कुणालाच आठवत नाही!

ताकपिठ्या
'बासनात गुंडाळा' लिहा. निदान प्रामाणिक आहे.

कळफलक
शब्दाआधी क्रिया बघा. जीमेलमध्ये आर्काइव्ह केलं की मेल कुठेच हलत नाही, त्याच्यावरची इनबॉक्सची चिठ्ठी तेवढी निघते. 'ऑल मेल'मध्ये तो असतोच, आणि कुणी उत्तर दिलं की अख्खं संभाषण पुन्हा इनबॉक्समध्ये हजर. थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम मेल उचलून वेगळ्या फोल्डरात नेतो आणि मुद्दाम बदललं नाही तर वर्षावर्षाचे कप्पे पाडतो. आउटलुकचं बटण 'आर्काइव्ह' फोल्डरात टाकतं, पण त्याचं जुनं 'ऑटोआर्काइव्ह' जुने मेल काढून पीएसटी नावाच्या वेगळ्या साठवण-फाइलमध्ये नेतं. ती फाइल बहुधा तुमच्याच संगणकावर असते, तेव्हा डिस्क गेली आणि दुसरी प्रत नसली तर आर्काइव्हही गेलं. इतक्या वेगळ्या कामांना एकच शब्द इंग्रजीवाल्यांनी चालवून घेतला. आपण का चालवून घ्यायचा? तुमच्या प्रोग्राममध्ये नेमकं काय होतं?

अर्धविराम
थंडरबर्डसारखंच, वर्षवार कप्पे.

कळफलक
मग 'कप्प्यात ठेवा'. संपलं.

शुद्धमती
संपलं कसं? कुठल्या कप्प्यात? आणि असो, पण बीसीसीला 'अंध प्रत' कुणी केलं? आंधळं कोण इथे, प्रत?

कळफलक
आंधळे बाकीचे. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, बीसीसी म्हणजे इतरांना न दिसणारी. ईमेलची मांडणी ठरवणाऱ्या १९८२च्या 'आरएफसी ८२२' या दस्तऐवजात दोन्ही रकाने आहेत. 'गुप्त प्रत' बरं.

बारनिशी_निवृत्त
गुप्त नको. गुप्त म्हटलं की मजकूर गोपनीय वाटतो आणि लोक भलत्या भरवशावर राहतात. मजकूर सगळ्यांना तोच जातो, फक्त एक नाव झाकलेलं असतं. त्यातून त्या झाकलेल्या माणसाने 'सर्वांना उत्तर' दाबलं की झाकलेलंही उघडं पडतं. एकाला पत्र लिहायचं आणि दुसऱ्याला त्याच्या नकळत कळवायचं, याला मराठीत 'परस्पर' म्हणतात. परस्पर प्रत.

मोडीवाला
वा! हा मात्र मी चोरणार.

शुद्धमती
संस्कृतात परस्पर म्हणजे एकमेकांना. अर्थाचा पार उलटा प्रवास. पण मराठीत तसं बोलतात खरं.

काजवा
मधेच विचारते. वर सगळे 'मेल गेला', 'तो' असं लिहिताय. मेल ती ना? मला तर मेल येते.

ताकपिठ्या
आमच्या घरी मेल येतं. टपाल येतं तसं.

कळफलक
हसू नका, मराठीकरणात हीच खरी डोकेदुखी आहे. 'मेल पाठवला', 'पाठवली', 'पाठवलं', एक धरलं की बाकीच्यांना ते वाक्य चुकीचं दिसतं. म्हणून बरेच जण 'संदेश' लिहून मोकळे होतात, त्याच्या लिंगावरून कुणी भांडत नाही.

काजवा
संदेश कोण म्हणतं बोलताना? रेल्वेची मेल सुटली म्हणता ना, मग ही का नाही?

मोडीवाला
ती गाडी म्हणून सुटली. मेल म्हणून नव्हे.

अर्धविराम
मंडळी, बटण?

काजवा
मग एक्सप्रेस? तीही गाडी म्हणूनच ती?