गरम झाल्यावर स्लोला (रेस न देता इंजिन चालू असताना) ऑइलचा दिवा लुकलुकतो, इंजिन खोलायचं का?

रस्ता_संपेना:
पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, १ लाख ४० हजार किलोमीटर. थंड इंजिनला काही तक्रार नाही. पाऊण तास चालवून सिग्नलला थांबलो की ती लाल किटली लुकलुकायला लागते. ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला की विझते. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे, खाली थेंब नाही. एकाने ऑइल प्रेशर स्विच बदलला, फरक शून्य. दुसऱ्याच्या सांगण्यावरून ५डब्ल्यू-३० ऑइल काढून त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरलं. चार दिवस दिवा गायब, पाचव्या दिवशी हजर. आता तिसरा म्हणतो बेअरिंगं गेली, इंजिन उतरवा. उतरवू का? डोळे मिटले तरी तो दिवाच दिसतो.

वायरवाला:
इंजिन बंद, चावी ऑन, दिवा लागलेला असेल. स्विचची वायर काढा. दिवा विझला तर वायरिंग ठीक. तरीही पेटलेलाच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. काढल्यावर कनेक्टरच्या आत ऑइल दिसतंय का तेही बघा. नवे स्विचही आतून पाझरतात.

जुना_पाना:
स्विच बदलला, ऑइल बदललं, आता इंजिन उतरवायला निघालेत. प्रेशर मात्र अजून एकानेही मोजलेलं नाही! ताप न बघता ऑपरेशन टेबलावर घेतल्यासारखं झालं हे.

जाड ऑइलचं आधी बोलतो. ते घातल्याने दिवा विझला म्हणजे रोग गेला नाही, फक्त झाकला गेला. आधी पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, नाहीतर प्रेशर मोजायच्या गेजवरचा आकडा कशाशी ताडून बघणार? काढलेलं ऑइल हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला, किंवा न घालताच लेव्हल वर गेली असेल, तर ऑइलमध्ये इंधन मिसळून ते पातळ झालंय. मग शोध इंजेक्टरकडे न्यायचा.

तो दिवा साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. म्हणून 'दिवा विझला, आता ठीक आहे' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. विझलेला दिवा एवढंच सांगतो की प्रेशर अगदीच शून्याला टेकलेलं नाही.

स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज बसवा. गाडी फिरवून आणा, पंखा लागेपर्यंत गरम होऊ द्या. मग स्लोला, २००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) आणि ३००० ला वाचन घ्या. हजार आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ढोबळ हिशोब. खरा आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्येच बघा.

आकड्यापेक्षा काटा कसा हलतो ते बघा. थंडीत भरपूर, गरम स्लोला कमी, रेस दिली की काटा सरळ चढतो, असं असेल तर बेअरिंगचा संशय खरा. बेअरिंगमधली फट दुप्पट झाली की तिच्यातून आठपट ऑइल निसटतं, पंप कुठवर पुरणार? सगळ्याच आरपीएमला कमी असेल तर जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा पंप झिजलाय. आणि रेस वाढवल्यावर काटा चढायच्या ऐवजी थरथरत खाली आला, तर पंपाला ऑइल पुरेसं मिळतच नाही. चेंबरमधली, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातली, जाळी बघा.

तोपर्यंत गाडी उभी ठेवा. खालून ठकठक आली तर तिथेच चावी बंद.

रस्ता_संपेना:
काका, वायर ठीक निघाली. ऑइलला पेट्रोलचा वास नाही. ५डब्ल्यू-३० भरून मोजलं. गरम स्लोला ०.४ बार, २००० ला १.५. ३००० ला १.१ वर आला आणि काटा पाखराच्या पंखासारखा फडफडत होता. जुना फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. धातूची चकाकी नाही, पण काळी, रबरासारखी भुकटी आहे.

जुना_पाना:
चकाकी नाही ही चांगली खूण. लोहचुंबक फिरवून खात्री करू नका बरं, बेअरिंगचा पांढरा धातू चुंबकाला चिकटत नाही. इंजिन उतरवू नका, चेंबर उतरवा. सक्शन पाइप पंपाला जोडला जातो तिथली ओ-रिंगही (रबरी कडी) काढून बघा. ती कडक झाली की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि काटा तसाच फडफडतो.

ऑइलमध्ये_भिजलेला:
तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये फिरणारा आहे का? माझ्या गाडीत तशीच भुकटी निघाली होती. बेल्टचा थर सुटून थेट जाळीवर बसला होता. तसं असेल तर नुसती जाळी धुऊन भागणार नाही, बेल्टही बदलावा लागेल.

रस्ता_संपेना:
नाही, माझ्याकडे चेन आहे. आज चेंबर उतरवलं. जाळीचा जेमतेम तिसरा हिस्सा उघडा होता. बाकीच्यावर काळा गाळ आणि त्यात लाल सिलिकॉनच्या शेवया! पूर्वी कुणीतरी चेंबर बसवताना ट्यूब पिळून गॅस्केट सिलंट भरलेलं, तेच आत सुटून आलं. ओ-रिंग नखाने दाबली तर बांगडीसारखी तुटली. भुकटी तिचीच असावी.

जाळी धुतली, ओ-रिंग, फिल्टर, ऑइल नवं. चेंबरला सिलंटची बारीक रेघच दिली. गरम स्लोला १.२ बार, २००० ला २.८, ३००० ला ३.६, काटा स्थिर.

जुना_पाना:
झकास. ५०० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, उरलेला गाळ सुटून येईल. तो फिल्टरही कापून बघा. आणि गेज इतक्यात काढू नका.