मुलीला मांस भरवायचं का, आणि हे ठरवायचं कुणी?

उंबरठा

आमची मुलगी परवा सहा महिन्यांची झाली. आता वरचं अन्न सुरू करायचं, आणि घरात पहिल्यांदाच आमचं दोघांचं अडलंय. मी एकोणिसाव्या वर्षी मांस सोडलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, प्राणी मारून खाणं मनाला पटेना म्हणून. नवरा सगळं खातो. मी त्याला कधी अडवलं नाही, त्याने मला कधी आग्रह केला नाही. लग्नाआधी नोकरी, पैसा, म्हातारे आईवडील या सगळ्यावर आम्ही बोललो होतो. मुलाला काय भरवायचं, यावर बोलायचं राहूनच गेलं.

माझं म्हणणं असं. तिला शाकाहारी वाढवावं. दूध-दही आहेच, अंड्याला माझी फारशी हरकत नाही. कळत्या वयाची झाली की तिचं तिने ठरवावं. उद्या तिला मांस खावंसं वाटलं तर तो रस्ता मोकळाच आहे. पण नकळत्या वयात पोटात गेलेलं नंतर मागे घेता येत नाही. मी एकोणीस वर्षं जे खाल्लं ते मला आजही बोचतं. मुलीच्या वाट्याला ही बोच येऊ नये, एवढंच मला वाटतं.

नवरा म्हणतो, "तू सगळं खाऊन बघितलंस, मग विचार करून सोडलंस. तीच संधी तिला दे. न खाता सोडणं म्हणजे तुझाच निर्णय तिने पुढे चालवणं." यावर मला रात्रभर उत्तर सुचलं नाही. तुमच्यापैकी कुणी या पेचातून गेलंय का?

कासव

मला दोन मुलं आहेत, दोघं मांसाहारी. तुमची कळकळ समजते, पण मागे घेता न येणारी गोष्ट तुम्ही चुकीची निवडलीत, असं मला वाटतं.

बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं आणि साधारण सहाव्या महिन्यापर्यंत तो संपत येतो. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं. अमेरिकेच्या आहारमानकांत ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी रोज ११ मिलिग्रॅम लोह धरलंय आणि प्रौढ पुरुषासाठी ८. मुठीएवढ्या पोटाच्या बाळाला बापापेक्षा जास्त लोह लागतं! मांसातलं लोह शरीर सहज उचलतं. डाळी-भाज्यांतलं त्यापेक्षा बरंच कमी शोषलं जातं. आणि मेंदूची सगळ्यात वेगाने वाढ याच दोन वर्षांत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पूरक आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना प्राणिजन्य अन्न रोज द्यावं असं स्पष्ट म्हटलंय.

लहानपणी मांस खाल्लं म्हणून तुमची मुलगी विसाव्या वर्षी ते सोडू शकणार नाही, असं थोडंच आहे? तुम्ही सोडलंतच की. पण लोहाविना गेलेलं वर्ष विसाव्या वर्षी भरून काढता येत नाही.

चांदणवेल

कासव, तुम्ही ते वाक्य अर्धंच दिलंत. तिथे "मांस, मासे किंवा अंडी" असं आहे. तो "किंवा" आमच्यासारख्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. उंबरठा अंडं द्यायला तयार आहेत, म्हणजे तुमची तक्रार निम्मी तरी मिटायला हवी.

माझी मुलं चौदा आणि नऊ वर्षांची. दोघांनी मांस कधी खाल्लेलं नाही, दोघं धडधाकट. पण हे आपोआप होत नाही, हेही मी सांगेन. बाळाला डाळीचं वरचं पाणी पाजून डाळ दिली असं समजणारे पालक मी पाहिलेत. त्या पाण्यात काही नसतं, दाट डाळ द्यावी लागते. कडधान्यं भिजवून मोड आणून द्यायची, म्हणजे लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं. सोबत आंबट फळ द्यायचं, क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. लहान मुलांना चहा अजिबात नाही. मी दर वर्षी दोघांचं रक्त तपासून घेते.

कॅनडातला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने ते आठ वर्षांची सुमारे ८,९०० मुलं त्यात होती. शाकाहारी आणि मांसाहारी मुलांची उंची आणि रक्तातला लोहाचा साठा यांत फारसा फरक निघाला नाही. शाकाहारी मुलांमध्ये वजन कमी असण्याची शक्यता मात्र जवळजवळ दुप्पट होती. हे मी लपवत नाही. माझा धाकटा किरकोळ आहे आणि त्याच्या वजनाकडे मी डोळ्यात तेल घालून बघते.

शिंपला

लोह, वजन यावर तुम्ही बोलताच आहात. मला दुसरं सांगायचंय.

मी कडक शाकाहारी घरात वाढलो. आईने मला मांस "नको" असं कधी म्हटलंच नाही, ती "घाण" म्हणायची. बाराव्या वर्षी मित्राच्या घरी जेवलो. मित्राच्या आईने प्रेमाने वाढलं, मला आवडलं, मी परत मागून घेतलं. घरी येताना रस्त्यावरच्या नळावर तीन वेळा तोंड धुतलं. आईने विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्या रात्री मला वाटलं की मी आतून घाण झालोय, आणि माझा मित्र, त्याची आई, त्यांचं सगळं घरच घाण आहे. मित्राच्या आईसारखी मायाळू बाई मी आजवर पाहिलेली नाही. त्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं टाळत गेलो, आणि ती मैत्री संपली.

उंबरठा, तुम्ही तशा नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. पण तुमच्या घरात एकाच टेबलावर बापाचं ताट वेगळं असणार. मुलगी तीन वर्षांची झाली की विचारेल, बाबा खातात ते मी का नाही खायचं? प्राण्याला मारणं वाईट असं सांगितलंत, तर तिचा पुढचा प्रश्न काय असेल याचा विचार करून ठेवा. बाबा वाईट आहेत का? मी माझ्या मुलांना सगळं भरवतो. कुणाच्याही घरी त्यांनी मोकळ्या मनाने जेवावं म्हणून.

पानगळ

शिंपला, वाचून वाईट वाटलं. माझी गोष्ट बरोबर उलट्या टोकाची आहे.

मी मांसाहारी घरातला. आठ वर्षांचा असताना मला कळलं की दोन महिने ज्याला मी दाणे घालत होतो, तोच ताटात आहे. मी ताट सरकवलं. वडिलांनी ते परत पुढे सरकवलं आणि संपेपर्यंत उठायचं नाही म्हणाले. दिवे मालवायची वेळ झाली तरी मी बसून होतो. त्या वयात मला "तत्त्व" हा शब्दही येत नव्हता, पण ते तत्त्वच होतं.

लहान मुलांना काय कळतंय, असं आपण सहज म्हणतो. मांसाहारी घरात वाढून सहा ते दहा वर्षांच्या वयात स्वतःहून मांस सोडलेल्या मुलांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला होता. का सोडलं असं विचारल्यावर त्या मुलांनी प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचं कारण सांगितलं. दुसरीकडे अमेरिकेत २०२१ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला अभ्यास आहे. त्यात जवळपास चाळीस टक्के मुलांना बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, झाडापासून मिळतं असं वाटत होतं. म्हणजे मुलं मांस निवडत नसतात. आपण काय खातोय हेच त्यांना ठाऊक नसतं, आणि आपणही सांगत नाही. कोंबडी चित्रात वेगळी, ताटात वेगळी.

मांस भरवणाऱ्या पालकांकडे माझं एकच मागणं आहे. मुलाने विचारलं की खरं सांगा. आणि ऐकून त्याने ताट सरकवलं, तर ते परत पुढे ढकलू नका.

ओसरी

थोडक्यात एवढंच, की सगळं मांस सारखं नसतं. सॉसेज, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. मांसाहारी वाढवा किंवा शाकाहारी, ही पाकिटं मुलांच्या डब्यात नकोतच.

दवबिंदू

उंबरठाताई, त्रासाचाच विचार असेल तर दुधाचं काय? गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि तिच्या नर वासराचं पुढे काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे बहुतेक ठिकाणी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात. मी स्वतः पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेते आणि बाळ झालं तर त्यालाही तोच द्यायचा विचार आहे. अर्ध्यावर का थांबायचं?

सातवीण

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. दवबिंदू, तुमचा नैतिक प्रश्न खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण बाळाच्या बाबतीत "विचार आहे" एवढ्यावर भागत नाही.

बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिजन्य अन्नातून मिळतं. वनस्पतींत भरवशाचं बी-१२ नसतं. स्पिरुलिनात असतं असं सांगतात, पण त्यातलं बहुतेक शरीराला वापरता येत नाही. नेदरलँड्समध्ये १९८० च्या दशकात मॅक्रोबायोटिक आहारावर वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला. धान्य-भाज्यांवर भर, दूध-मांस जवळपास नाही, वरून जीवनसत्त्वांच्या गोळ्याही नाहीत. त्या मुलांत मुडदूस आणि खुंटलेली वाढ दिसली. किशोरवयात तपासलं तेव्हाही काहींच्या आकलनावर परिणाम दिसत होता. पोलंडमध्ये २०२१ मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांची तुलना झाली. पूर्ण वनस्पतिजन्य आहारावरची मुलं सरासरी तीन सेंटिमीटर बुटकी होती, हाडांतली खनिजं कमी होती. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल मात्र मांसाहारी मुलांपेक्षा चांगलंच कमी निघालं. गोळ्या, तपासण्या आणि जाणकाराची देखरेख असेल तरच त्या वाटेला जा.

उंबरठा, आता तुमच्याकडे वळते. इतका वेळ सगळे मुलीच्या ताटाबद्दल बोलताहेत. तुम्ही अंगावर पाजताय का? आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. अशी बाळं सुरुवातीला छान दिसतात आणि पाचव्या-सातव्या महिन्यात हळूहळू मलूल होतात. आलेलं हसू मावळतं, बसायला लागलेलं बाळ बसेनासं होतं. वेळेत कळलं तर उपचार सोपे आहेत. उशीर झाला तर मात्र काही नुकसान राहून जाऊ शकतं. तुम्ही कित्येक वर्षं मांस खाल्लेलं नाही. तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलंत?

कासव

सातवीण यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. पानगळ, तुमचंही मान्य. माझ्या थोरल्याने चार वर्षांचा असताना विचारलं होतं, मी खरं सांगितलं. दोन दिवस त्याने हात लावला नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून खाल्लं. लावला नसता तर? प्रामाणिकपणे सांगतो, मी काळजीत पडलो असतो आणि बहुधा आडून आडून आग्रह केला असता. तुमच्या वडिलांसारखं ताट पुढे ढकललं नसतं, पण पूर्ण गप्पही बसलो नसतो.

तरी माझं मत तेच. पहिली दोन वर्षं मांस द्यावं.

उंबरठा

आठ दिवसांनी लिहितेय. सातवीण, मी अंगावरच पाजते. शेवटची तपासणी कधी झाली ते मला आठवेना, म्हणून दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. बी-१२ खालच्या मर्यादेच्याही खाली निघालं. डॉक्टरांनी मला इंजेक्शनं सुरू केली आहेत आणि मुलीचंही रक्त घेतलंय, रिपोर्ट यायचा आहे. ती हसते, पालथी पडते, आधार दिला की बसते. तरी दिवसातून दहा वेळा मी ती हसते का ते बघते.

प्राण्यांना त्रास नको म्हणून मी जे सोडलं, त्याची भरपाई करायला मी विसरले, आणि ते माझ्या मुलीला महागात पडलं असतं. याचा मला फार त्रास होतोय. मांस सोडल्याचा पश्चात्ताप मात्र आजही नाही.

नवऱ्याशी पुन्हा बोलले. अंडं सुरू केलंय, पूर्ण शिजवून. पहिला घास तिने थुंकला, दुसरा गिळला, तिसऱ्याला चमचाच ओढून घेतला. लोहाचे थेंब डॉक्टर सांगतील तसे. "घाण" हा शब्द या घरात उच्चारायचा नाही, हेही ठरलं. शिंपला, हे तुमच्यामुळे. ती विचारेल तेव्हा तो त्याचं कारण सांगेल, मी माझं.

माशांवरून अजून जुळलेलं नाही. त्याला आठव्या महिन्यापासून द्यायचेत, मला नकोत. कासव, तुमचं पहिल्या दोन वर्षांचं म्हणणं त्याला वाचून दाखवलं, तो अर्थातच तुमच्या बाजूने आहे. रिपोर्ट आल्यावर पुन्हा बसणार आहोत.