नोकरी गेल्यावर आपलंच गाव हिंडलात का? लिहा

नोकरी गेली की सकाळी घरात बसवत नाही, आणि घरचेही धड बसू देत नाहीत. अशा दिवसांत गावभर हिंडलेल्यांनी लिहावं. सल्ले नकोत, पाहिलेलं सांगा.

छत्रपती संभाजीनगर
वाळूजच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर होतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या. कॉन्ट्रॅक्ट संपलं, ब्रेक दिला, परत बोलावलंच नाही. जन्म इथलाच, पण पाणचक्की बघितलेली ती शाळेच्या सहलीत, रांगेतून. आता निवांत बघितली. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येतं, उंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात कोसळतं. त्या जोरावर खालचं चाक फिरायचं आणि त्याच्यासोबत वरचं दळायचं जातंही. दर्ग्यात येणाऱ्यांसाठी इथं दळण व्हायचं. मोटार नाही, मेंटेनन्सवाल्याला फोन नाही! तिथून पायीच बीबी का मकबऱ्याला. मुख्य दरवाजावर बांधणाऱ्यांची नावं आहेत: वास्तुविशारद अताउल्ला, अभियंता हंसपतराय. आमच्याकडं जॉबवर, म्हणजे मशीनवर बनलेल्या भागावर, ऑपरेटरचा नंबर टाकायचे, तोही बाद झालेला माल कुणाचा ते शोधायला.

परभणी
हिंडायचं सुचतं तरी कसं तुम्हाला? इथं गाडीचा हप्ता थकलाय. पेट्रोल नको म्हणून पायी फिरतो, तर भेटेल तो विचारतो, "आज सुट्टी का?"

नांदेड
परभणीकर, म्हणूनच मी सचखंड गुरुद्वाऱ्यात जायचो. लंगरात जेवायचं, मग भांडी घासायला बसायचं. शेजारी पंजाबातून आलेले आजोबा असायचे. "काय करता?" कुणी विचारायचं नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी इथं देह ठेवला, एवढं पुस्तकातलं माहीत होतं. गोदावरीवर नगीना घाट आहे तो मात्र या वयात चालत जाऊन पाहिला.

लातूर
मी कापड दुकानात हिशेबाला होते. दुकान बंद झालं. गंजगोलाईत वर्षानुवर्षं यायचे, पण नेहमी एकाच रस्त्यानं आत आणि त्याच रस्त्यानं बाहेर. तिथं सोळा रस्ते मिळतात हो! मधे जगदंबेचं देऊळ. एकेक रस्ता धरून निघाले: सोनं, चपला, गूळ. मिरचीच्या बाजूला तर ठसक्यानं डोळ्यात पाणी, लोकांना वाटलं बाई रडतीय. तिथल्याच एका आडतीवर हिशेबाला माणूस पाहिजे म्हणतात. पगार जुन्यापेक्षा कमी सांगतायत. सोमवारी बोलायला जाते.