मदत हवी आहे: रास्पबेरी पाय बूटच होत नाही (तातडीचं)

घाईत
नवीन पाय (एकाच बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर). ओएस मेमरी कार्डवर टाकली, वीज दिली, पुढे काहीच नाही. लाल दिवा लागतो, हिरवा लुकलुकतो. बोर्ड खराब निघालाय का? बदलून घ्यायची मुदत संपत आलीये, लवकर सांगा.

खटपट्या
कोणता पाय? ३, ४, ५, झिरो? कार्ड केवढं? स्क्रीन जोडलाय का? आणि हिरवा नुसता लुकलुकत नाही, मोजा. ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल तर बोर्ड जिवंत आहे.

अमीटर
आधी अ‍ॅडॉप्टर बदला. मोबाइलचा चार्जर लावला असणार. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा लागतो. वर केबल बारीक असली की व्होल्टेज वाटेतच पडतं.

खटपट्या
@अमीटर, मॉडेल तरी कळू दे की! व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं तर लाल दिवा विझतो. धागाकर्त्याचा सतत चालू आहे का?

घाईत
पाय ४, ४ जीबी रॅमचा. कार्ड ३२ जीबी. स्क्रीन नाही, लॅपटॉपवरून एसएसएच करणार, म्हणजे नेटवर्कवरून आत शिरून कमांड देणार. लाल सतत. हिरवा चार वेळा, थांबतो, परत चार. चार्जर मोबाइलचाच, पण फास्ट चार्जिंगवाला आहे.

अमीटर
फास्ट चार्जर जोर दाखवतो तो ९ व्होल्टला. पाय ते ९ व्होल्ट मागतच नाही. ५ व्होल्टपुढे किती अँपिअर छापलेत ते वाचा.

सॉलिडस्टेट
कार्डाच्या नादी लागूच नका. यूएसबी ३ ला एसएसडी (चिपवाली डिस्क) लावा, निळ्या पोर्टात. कार्ड नसलं की पाय ४ आपोआप यूएसबीकडे वळतो. फार जुना बोर्ड असेल तर तेवढा ईईप्रॉम (बोर्डवरच्या चिपमधला बूट प्रोग्रॅम) अपडेट करावा लागेल.

चिमटा
एसएसडी कुणी विचारलीये?
चार छोटे लुकलुक म्हणजे स्टार्ट४.ईएलएफ ही बूटची फाइल सापडत नाही. सात असते तर कर्नल (ओएसचा गाभा) नाही. कार्ड लॅपटॉपला लावा, आत काय दिसतं ते लिहा.

घाईत
एकच फाइल. शेवटी .आयएमजी.एक्सझेड. डाउनलोड केलेली तीच. अजून काय हवं?

चिमटा
सापडलं. ती फाइल कॉपी करून चालत नाही. तिच्या आत अख्ख्या डिस्कचा नकाशा असतो, पार्टिशनसकट (डिस्कचे वेगवेगळे भाग). रास्पबेरी पाय इमेजर (कार्डवर ओएस लिहिणारा प्रोग्रॅम) घ्या, मॉडेल, ओएस, कार्ड निवडा. लिहिण्याआधी सेटिंग्जमध्ये युजरनेम, पासवर्ड, वायफाय, वायफायचा देश आणि एसएसएच भराच. देश राहिला तर वायफाय बंदच राहतं. लिहून झाल्यावरची पडताळणी मध्येच थांबवू नका.

घाईत
लिहिलं. आता विंडोज म्हणतंय फॉरमॅट करा. आणि ३२ जीबीचं कार्ड ५०० च्या आसपास एमबी दाखवतंय. कार्ड नकली ना?

खटपट्या
नाही! फॉरमॅटला कॅन्सल म्हणा. दिसतंय ते फक्त बूट पार्टिशन. उरलेलं ईएक्सटी४ आहे, लिनक्सच्या पद्धतीचं, विंडोजला ते वाचता येत नाही. पहिल्या बूटला ते स्वतः पसरून कार्ड भरतं आणि पाय एकदा रीस्टार्ट होतो. तेवढा वेळ वीज काढू नका.

घाईत
राउटरच्या यादीत पायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आला! पण एसएसएचला युजर पाय, पासवर्ड रास्पबेरी चालत नाही. परमिशन डिनाइड.

चिमटा
तो ठरलेला युजर २०२२ मध्येच काढून टाकला. इमेजरमध्ये काय भरलंत?

घाईत
वायफाय आणि एसएसएच. युजरचं काही भरलं नाही.

चिमटा
मग परत लिहा, युजर भरून. बूट पार्टिशनमध्ये यूजरकॉन्फ.टीएक्सटी ठेवूनही होतं, पण त्यात पासवर्ड एन्क्रिप्ट करून लागतो. तुमच्या घाईला इमेजर बरा.

जुनाजाणता
वायफायला डब्ल्यूपीए सप्लिकंटची (वायफाय सेटिंगची) फाइल बूटमध्ये ठेवा, कायम तेच केलंय.

खटपट्या
ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल कुणी वाचत नाही. आता वायफाय नेटवर्कमॅनेजर सांभाळतो.

घाईत
आत शिरलो. धागा बंद करा.

अमीटर
थांबा. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड ही कमांड चालवा, वीज कमी पडली का ते कळतं. काय येतं?

घाईत
०एक्स५००००. बरोबर ना?

अमीटर
शून्य यायला हवं. म्हणजे आत्ता ठीक, पण चालू केल्यापासून एकदा तरी व्होल्टेज पडलं आणि प्रोसेसरचा वेग उतरवला गेला. अशात लिहिताना झटका बसला तर कार्ड करप्ट होतं. अ‍ॅडॉप्टर बदला, हे मी दुसऱ्याच प्रतिसादात लिहिलंय.

सॉलिडस्टेट
म्हणूनच म्हणतो, एसएसडी लावा.

अमीटर
त्याच चार्जरवर? चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर मिळतात, तेही चार्जर धड असेल तर.