मदत हवी आहे: जुन्या घराच्या पोकळ भिंतीत कोणते इन्सुलेशन भरावे?

प्रश्न: विटांच्या दोन भिंती, मध्ये सरासरी ५५ मिमी पोकळी. बाहेरून गिलावा नाही, एका बाजूवर पावसाचा थेट मारा. दारे-खिडक्या वजा जाता ८० चौ.मी. आतून तोडफोड नको. थर्मोकोलचे मणी, मिनरल वूल (दगड-काचेचे लोकरीसारखे तंतू) की पीयू (पॉलियुरेथेन) फोम? माल किती लागेल?

उत्तर १: माल ठरवण्याआधी पोकळी बघा. बाहेरच्या भिंतीतले पावसाचे पाणी आत पोचू नये म्हणूनच ती ठेवलेली असते. प्रत्येक बाजूला दोन-तीन ठिकाणी विटांच्या सांध्यात (विटेत नको) छिद्र पाडून एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. तळाशी डीपीसीच्या (जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत घातलेल्या थराच्या) वर पडलेला सिमेंटचा माल, विटांचे तुकडे, वॉल टायवर (दोन भिंतींना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या-तारांवर) साचलेले सिमेंटचे गोळे आणि टायचा गंज तपासा. तळाचा कचरा तसाच राहिला तर त्यातून ओल आत चढते आणि दोष इन्सुलेशनवर येतो. तो काढायला खालच्या थरातल्या काही विटा काढाव्या लागतात. हे काम टाळू नका. पावसाच्या बाजूचे सांधे ठिसूळ असतील तर खरवडून नव्याने भरा आणि भिंत पूर्ण वाळू द्या.

हे सगळे ठीक असेल तर माझे मत चिकटद्रव्यासह भरायच्या मण्यांना. ते टायभोवती सहज वाहतात, पाणी शोषत नाहीत. वूल जळत नाही हा त्याचा मोठा गुण, पण वेड्यावाकड्या पोकळीत ते अडकून रिकामे कप्पे राहतात. पीयू फोम उष्णता सर्वांत चांगली अडवतो, पण पुन्हा काढणे जवळपास अशक्य. युरिया-फॉर्मल्डिहाइड फोम मात्र नकोच: वाळताना आक्रसतो, भेगा पडतात आणि त्यांतून पाणी आत येते.

हिशोब: ८० × ०.०५५ = ४.४ घनमीटर. मण्यांची घनता दर घनमीटरला १२ किलो धरल्यास सुमारे ५३ किलो मणी.

उत्तर २: वरच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. पोकळीतून पीव्हीसी वायर गेली असेल तर आधी पाइपात घ्या; थर्मोकोलच्या स्पर्शाने पीव्हीसीतले प्लास्टिसायझर (ते लवचीक ठेवणारे द्रव्य) निघून आवरण कडक होते. हवेच्या जाळ्या आणि गॅस उपकरणांच्या झरोक्यांना आरपार नळी बसवा, ते बुजले तर जिवाशी खेळ. पोकळीचे वरचे तोंडही बंद करा, नाहीतर मणी छताखाली सांडतात. भरताना प्रत्येक बाजूला गेलेल्या पिशव्या मोजा: हिशोबापेक्षा बऱ्याच कमी गेल्या तर आत कुठेतरी अडथळा आहे, जास्त गेल्या तर माल बाहेर निसटतोय.