मदत हवी आहे: रॅम वाढवली आणि पीसी उठेचना

मंडळी, काल घरच्या पीसीत ८ जीबीच्या जोडीला आणखी ८ जीबी रॅम बसवली. दोन्ही डीडीआर४ प्रकारच्याच, वेग तेवढा वेगळा: जुनी २६६६ची, नवी ३२००ची. तेव्हापासून पंखे गरगर फिरतात, स्क्रीन काळीठिक्कर. मदरबोर्डवरचा डीरॅमचा, म्हणजे रॅममध्ये गडबड आहे हे सांगणारा, बारीक लाल दिवा काही विझत नाही.

नवी काढली तरी तेच! सोनेरी पट्टी खोडरबराने पुसली, स्लॉट बदलले, वायर काढून बोर्डावरचा गोल सेलही, सेटिंग मूळपदावर यावं म्हणून, पाच मिनिटं बाहेर ठेवला. ढिम्म. बसवताना एका टोकाला 'टक' झालंच नव्हतं, हे आता आठवतंय. तशीच चालू केली मी, शहाणा!

दुकानदार म्हणतो, बोर्डच बदला. इतक्यात बोर्ड जातो का हो? ऐरोली-ठाणे पट्ट्यात कुणाकडे तपासण्यापुरती चालू डीडीआर४ रॅम असेल, तर पीसीचा डबा उचलून घेऊन येतो.