नर्मदा इंदुरात आली. घोगलगाव एकदा जिंकून दुसऱ्या वेळी का हरले?

रामबागकर:
१९७० साली इंदूरकरांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरचे अंतर व घाटाचा चढ ओलांडून, ते पाणी शहरात आले. २०१२ मध्ये खंडवा जिल्ह्यातील घोगलगावात, ओंकारेश्वर धरणामुळे ज्यांची शेती बुडत होती ते लोक १७ दिवस पाण्यात उभे राहिले, तेव्हा सरकारने धरणातील पाण्याची पातळी १८९ मीटरवर ठेवण्याचे आणि जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे मान्य केले. २०१५ मध्ये पातळी १९१ मीटरकडे नेण्यात आली. त्याच गावात लोक ३२ दिवस पाण्यात उभे राहिले आणि रिकाम्या हाताने बाहेर आले. यश निर्धारावर ठरत असते, तर दुसऱ्या खेपेस ते पदरात पडायला हवे होते. माझ्या मते, मागणी नाकारणे सत्ताधाऱ्यांना किती महाग पडते यावरच सारे ठरते. पहिल्या वेळी विधानसभेची निवडणूक वर्षभरावर होती, दुसऱ्या वेळी तीन वर्षांहून अधिक दूर होती.

नारायणबागवासी:
हा हिशेब फार सोयीचा आहे. १९२८ मध्ये गुजरातेतील बारडोलीच्या शेतकऱ्यांपुढे नमलेल्या इंग्रजांना त्यांची मते कुठे मागायची होती? वल्लभभाईंनी गावोगावी छावण्या उभारल्या, मागणी एकच ठेवली, आणि शेतसाऱ्यातील २२ टक्क्यांची वाढ चौकशीअंती सहा टक्क्यांच्या आसपास आली. उलट मुळशीत सेनापती बापटांसारखा नेता असूनही टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह फसला, कारण जमीन कसणारे मावळे आणि ती गहाण धरून बसलेले पुण्याचे सावकार यांचे हित एक नव्हते. सावकारांना मोबदल्यात समाधान होते. संघटना आतून दुभंगली की समोरच्याला काही करावेच लागत नाही.

रामबागकर:
मुळशीतील फुटीचे मान्य. तरीही बारडोलीत सरकारला साऱ्याचा थोडा भाग सोडायचा होता, मुळशीत अख्खे धरणच सोडावे लागले असते. या दोन नकारांची किंमत एकच कशी धरावी? (मताची भीती हा किमतीचा एक प्रकार झाला, एकमेव नव्हे, ते मी आधी स्पष्ट करायला हवे होते.)

पागनीसपागेतील एक:
आपण दोघेही इंदुरात बसून बोलत आहात, हेच विसरता. १९७० ची मागणी शहराची होती. नकार देऊ शकणारे अधिकारीही याच शहरात राहत होते आणि पाण्याची टंचाई त्यांच्याही घरी होती. घोगलगावच्या शेतीशी आपले असे काहीच अडलेले नव्हते. २०१२ मध्ये पाण्याने सोललेले पाय दूरचित्रवाणीवर पाहून आपण हळहळलो. २०१५ पर्यंत ती चित्रे जुनी झाली होती. मीही त्यातलीच. आपण पाठ फिरवल्यावर मग पाणी चढवणाऱ्यांना नकार महाग पडावा तरी कोणामुळे?